उसाचा दर : खर्च की नफा?



कारखान्याच्या सभेत उसाच्या दरावर जेवढी चर्चा होते तेवढी दुसऱ्या कशावरही होत नाही, आणि ते रास्तच आहे. दर हाच आपला पगार, दर हीच आपली पेन्शन. पण दर जाहीर झाला, टाळ्या पडल्या, सभा संपली, की त्या दराचं पुढं सरकारदरबारी काय होतं याकडे आपण फिरून पाहत नाही. अहवालाच्या मागच्या पानांवर बारीक टाइपात 'संभाव्य देणी' म्हणून एक रक्कम छापलेली असते. ती वाचायला चष्मा लागतो, आणि समजायला चष्म्यापेक्षाही अधिक काही लागतं. राज्यातल्या बहुतेक सहकारी साखर कारखान्यांच्या अहवालात या रकमेचा मोठा वाटा वर्षानुवर्षे एकाच भांडणाचा होता. ते भांडण म्हणजे, उसाला दिलेला दर हा कारखान्याचा खर्च, की सभासदांना वाटलेला नफा?

प्रश्न ऐकायला वकिली वाटतो, पण तो थेट आपल्या बिलाशी जोडलेला आहे. दर खर्च ठरला तर त्यावर कर नाही. नफा ठरला तर आधी सरकारचा हिस्सा, मग व्याज, मग दंड, आणि उरलं तर आपण. म्हणून हा विषय वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट यांच्यावर सोडून आपण घरी बसणं योग्य नाही, असं माझं मत आहे.

वाद झाला कशावरून?

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे केंद्र सरकार दरवर्षी उसाचा किमान वैधानिक दर ठरवीत असे. हा दर म्हणजे उंबरठा. त्याच्या खाली कुणी जायचं नाही. १९७४ साली भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून त्या आदेशात ५-अ हे कलम आलं. हंगाम संपल्यावर साखरेतून जे जादा उत्पन्न होईल त्यातला अर्धा वाटा ऊस देणाऱ्याला जादा दराच्या रूपाने मिळावा, असा त्याचा हेतू होता. आपल्याकडे सहकारी कारखान्यांनी पहिली उचल, दुसरा हप्ता आणि अंतिम हप्ता अशी पद्धत बसवली व राज्य सरकारच्या मान्यतेने अंतिम दर किमान दरापेक्षा पुष्कळ वर नेला. सातारा-सांगलीकडच्या चांगल्या उताऱ्याच्या कारखान्यांनी तर यात राज्याला वाट दाखवली.

इथं प्राप्तिकर खात्याने बोट ठेवलं. खात्याचं म्हणणं असं, की किमान दर हा उसाचा खरा दर. त्याच्या वर तुम्ही जे दिलं ते दर नव्हे, तो तुमच्या सभासदांना, म्हणजे तुमच्याच मालकांना, वाटलेला नफा. नफा वाटण्याआधी त्यावर कर भरायला हवा होता. तो भरला नाही, तेव्हा आता भरा. झालं! एकेका कारखान्यावर एकेका वर्षासाठी नोटिसा निघाल्या. अपील, त्यावर अपील, न्यायाधिकरण, उच्च न्यायालय, अशी ती गाडी चालू राहिली. ज्यांच्या उसाचा तो दर होता त्यांच्यातले कितीतरी जण ही जगाची रीत सोडून गेले, पण फाइल बंद झाली नाही.

खात्याच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हतं, असं मी म्हणणार नाही. सगळाच नफा दरातून वाटून टाकला तर ताळेबंदात नफा उरणारच नाही, आणि मग कर कशावर घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न अगदी बिनबुडाचा नाही. पण ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही आपल्याकडची म्हण खात्याने विचारात घ्यायला हवी होती. कारण सहकारी कारखान्याचं मूळच त्यांनी ओळखलं नाही.

सहकाराचा हिशेब वेगळा

तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, कंपनीचा भागधारक शेअरवर लाभांश मिळवतो. आपल्या कायद्यात, म्हणजे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात, लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ती मुद्दाम घातली, कारण सहकारात पैशाला नव्हे तर व्यवहाराला फळ मिळायचं. ज्याने जास्त ऊस घातला त्याला जास्त मिळावं, मग त्याचा शेअर एक असो की दहा. १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला तो याच तत्त्वावर. तेव्हा उसाच्या टनावर मिळणारा पैसा म्हणजे भांडवलावरचा नफा नव्हे, तो मालाची किंमत होय.

दुसरी गोष्ट. कारखाना सभासदाचा ऊस घेतो तसा बिगरसभासदाचाही घेतो. गेटकेनवाल्यालाही तोच दर मिळतो. आता बिगरसभासद काही मालक नव्हे, मग त्याला दिलेला जादा दर 'मालकाला वाटलेला नफा' कसा होतो? आणि त्याला दिलेला नफा होत नसेल, तर त्याच वजनकाट्यावर, त्याच दिवशी, त्याच दराने सभासदाला दिलेला तरी कसा होतो?

तिसरी गोष्ट सगळ्यांत बोचणारी. शेजारच्या खाजगी कारखान्याने ऊस ओढण्यासाठी किमान दराच्या वर पैसे मोजले, तर ते कच्च्या मालाची खरेदी म्हणून सरळ खर्चात जातात. तिथं ऊस देणारा वेगळा आणि मालक वेगळा. आपल्याकडे देणारा आणि मालक एकच. म्हणजे शेतकरी मालक झाला हाच त्याचा गुन्हा! शेतकऱ्याने परक्याला ऊस घातला तर तो विक्रेता आणि स्वतःच्या कारखान्याला घातला तर तो नफेखोर. अशा न्यायाने सहकार कसा वाढावा?

न्यायालयाची पायरी

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातली दोन महत्त्वाची प्रकरणे आपल्याच दोन जिल्ह्यांतली आहेत.

आधी २०१० साली सातपुडा तापी परिसर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्न पुन्हा तपासायला खाली पाठवला. मग २०१२ साली रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याचं प्रकरण आलं. ते दराचं नव्हतं, सभासद साखरेचं होतं. सभासदाला दिवाळीला सवलतीच्या दराने साखर दिली जाते. बाजारभाव आणि सवलतीचा भाव यांतला फरकही खात्याने कारखान्याच्या उत्पन्नात धरला होता! घरच्या लक्ष्मीपूजनाच्या साखरेवरसुद्धा प्राप्तिकर! ही सवलत साखर कारखानदारीत रूढ झालेली प्रथा आहे काय, हे तपासून ठरवा, असं न्यायालयाने सांगितलं व प्रकरण परत पाठवलं.

५ मार्च २०१९ रोजी तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात निकाल लागला. किमान दर आणि अंतिम दर यांतला सगळाच फरक नफा नव्हे, पण ५-अ कलमाप्रमाणे अंतिम दर ठरवताना त्यात नफ्याचा जो अंश मिसळलेला असेल तेवढा नफावाटप समजावा आणि बाकीचा खर्च धरावा, असा त्याचा मथितार्थ. तो अंश किती हे कर अधिकाऱ्याने कारखान्याने सरकारला दिलेल्या हिशेबावरून काढावं. निकाल तोललेला होता, खात्याचं म्हणणं पुरतं मान्य नव्हतं आणि आपलंही पुरतं मान्य नव्हतं. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला, की वीस-वीस, तीस-तीस वर्षांपूर्वीचे कागद पुन्हा उघडायचे आणि टनामागच्या दरातले किती रुपये 'नफा' होते हे आता ठरवायचं. उसाचं बिल ज्या विहिरीत, ज्या लग्नात, ज्या सोसायटीच्या कर्जात गेलं ती सगळी आता जुनी झाली. पण कराचा मुद्दल आणि व्याज मात्र ताजं!

कायदा बदलला

गाठ न्यायालयात सुटत नव्हती, ती शेवटी संसदेत सोडवावी लागली. २०१५ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या ३६ व्या कलमात भर पडली. सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंत सहकारी साखर कारखान्याने ऊसखरेदीवर केलेला खर्च हा खर्च म्हणून धरला जाईल, असं त्यात आलं. ही तरतूद २०१६-१७ या कर आकारणी वर्षापासून लागू झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून 'सरकार' या शब्दात राज्य सरकारही येतं असा खुलासा केला. म्हणजे पुढची वाट मोकळी झाली, पण मागचं ओझं तसंच.

ते ओझं उतरवायला २०२३ चा अर्थसंकल्प यावा लागला. २०१६-१७ च्या आधीच्या वर्षांसाठीही सहकारी कारखान्यांना हा खर्च मागता येईल, असं ठरलं आणि त्यातून जवळजवळ १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असं अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितलं. त्यासाठी कायद्याच्या १५५ व्या कलमात १९ वं पोटकलम घातलं गेलं.

आता इथं जरा थांबून नीट बघा. हा दिलासा आपोआप मिळत नाही. कारखान्याने आपल्या अधिकाऱ्याकडे प्रत्येक वर्षासाठी अर्ज करायचा, त्याला त्या वर्षाच्या सरकारमान्य दराचा पुरावा जोडायचा, मग अधिकारी फेरआकारणी करणार. या दुरुस्तीची चार वर्षांची मुदत २०२२-२३ हे वर्ष संपल्यापासून मोजायची आहे, म्हणजे ती ३१ मार्च २०२७ ला संपते. दहा हजार कोटी हा आकडा भाषणात गोड लागतो. पण प्रत्येक कारखान्याच्या वाट्याचं तेवढंच खरं, जेवढं कागदावर मागितलं आणि मंजूर करून घेतलं.

दुसरं असं, की या दिलाशात दोन तऱ्हेचे पैसे आहेत. ज्या कराची नुसती मागणी होती आणि भरलेला नव्हता, तो माफ झाला म्हणजे हातात रोख काही येत नाही. फक्त 'संभाव्य देणी' या रकान्यातला आकडा कमी होतो. ज्या कारखान्यांनी अपील करताना काही रक्कम भरली, किंवा ज्यांचे परतावे खात्याने जुन्या मागणीत वळते करून घेतले, त्यांना खरे पैसे परत मिळू शकतात. आपल्या सभेत 'कर माफ झाला' असं कुणी सांगितलं तर विचारायचं, की यांतला कोणता?

आणि कायद्यातला एक शब्द अजून जिवंत आहे : 'मान्य केलेला'. सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतच खर्च धरला जाणार. आता स्पर्धेपोटी किंवा शेतकरी संघटनांच्या रेट्याने कारखाना एफआरपीच्या वर शंभर-दोनशे रुपये जाहीर करतो. त्या वरच्या पैशाला रीतसर मान्यता घेतली नाही, तर तेच जुनं भांडण नव्या सालाने पुन्हा सुरू होईल. राज्याच्या २०१३ च्या ऊसदर कायद्यात साखर व मुख्य उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातला ७५ टक्के वाटा उसाला, असं सूत्र आहे आणि दर तपासायला ऊसदर नियंत्रण मंडळ आहे. मान्यता मिळवायची जागा तीच. टाळ्या मिळवणारा दर आणि कागदावर टिकणारा दर हे दोन्ही एकच असले पाहिजेत.

पावतीवर न दिसणारे कर

आता जरा वेगळ्या बाजूने बघू. 'शेतकरी कर भरत नाही', हे शहरात हमखास ऐकायला मिळतं. शेती उत्पन्नाला केंद्राचा प्राप्तिकर नाही हे खरं. पण विकसनशील देशात शेतकऱ्याकडून कर घेण्याची सगळ्यांत जुनी रीत म्हणजे पावती न देता घेणे.

लेव्ही साखर आठवा. १९६७-६८ पासून कारखान्याने साखरेचा ठरावीक हिस्सा सरकारला स्वस्तात द्यायचा होता. आरंभी तो ६० टक्के होता. रेशनवर गरिबाला साखर मिळावी हा हेतू चांगलाच होता. पण त्या स्वस्ताईचा भार सरकारी तिजोरीने नव्हे, साखर पिकवणाऱ्याने उचलला. गरिबाला मदत ही सगळ्या देशाची जबाबदारी. ती एकट्या उसाच्या सरीवर का? ही पद्धत पुढं कमी होत होत रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर २०१३ साली बंद झाली, तोवर चार दशकं लोटली होती. राज्याचा ऊस खरेदी कर १९६२ च्या कायद्याने आला आणि २०१७ साली जीएसटीत विरून गेला. तो भरायचा कारखाना, पण सोसायचा ऊसवाला.

आज लेव्ही नाही, पण दुसऱ्या वाटा आहेत. साखरेचा भाव चढला की निर्यात बंद. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंधन आलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठलं. त्यामागे साखरेच्या साठ्याची काळजी होती हे मान्य. पण ज्या कारखान्यांनी सरकारच्याच सांगण्यावरून कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या, त्यांच्या हप्त्याला काही कुणी बंधन घातलं नाही. शहरातल्या ग्राहकासाठी बाजारभाव खाली दाबणे हा करच आहे. फक्त त्याची पावती नाही, आणि पावती नाही म्हणून त्याचा परतावाही नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी जाहीर केली, उतारा ०.१ ने वाढेल तसे ३ रुपये ४६ पैसे जादा. समजा उतारा ११.२५ टक्के. म्हणजे क्विंटलला ३८९ रुपये ६० पैसे, टनाला ३,८९६ रुपये. या उताऱ्याने एका टनातून साडेबारा अधिक शंभर, म्हणजे ११२.५ किलो साखर निघते. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केली, आणि ३० एप्रिल २०२५ ला ही एफआरपी ठरली तेव्हाही ती ३१ च होती. त्या भावाने एका टनातली साखर होते ३,४८७ रुपये ५० पैशांची. म्हणजे उसाचा कायदेशीर दर ३,८९६ आणि साखरेचा कायदेशीर तळ ३,४८७. टनामागे ४०८ रुपयांचा खड्डा, आणि यात गाळपाचा खर्च, कामगारांचा पगार, बँकेचं व्याज धरलेलंच नाही.

बाजारात साखर बहुतेक वेळा किमान किमतीच्या वर विकली गेली, मळी आणि बगॅसचेही पैसे येतात, म्हणून गाडा चालतो. पण किमान किंमत ठेवायची ती वाईट दिवसांसाठी. २०१९ ते २०२५ या काळात एफआरपी २७५ वरून ३५५ वर गेली आणि साखरेचा तळ तिथल्या तिथं. असं एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने आवळायचं धोरण असेल तर मधल्यामध्ये चेपला जाणार कोण? कारखाना थकणार, कारखाना थकला की बिल थकणार. कायदा सांगतो, ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज. राज्याने २१ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने एफआरपीचे दोन हप्ते करायला वाट दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी रद्द केली. न्याय झाला, आनंद आहे. पण एकरकमी द्यायला कारखान्याच्या खात्यात रक्कम असावी लागते, आणि ती साखरेच्या भावातूनच येते, हेही कुणीतरी बोललं पाहिजे.

उरलेला कर आपण दुकानात भरतो. रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के, खतावर ५ टक्के जीएसटी; डिझेलवर केंद्राचा कर वेगळा आणि राज्याचा वेगळा. व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या करातून वजा करता येतो. आपल्या उसावर कर नाही, म्हणून वजा करायलाही काही नाही. जे भरलं ते बांधावर जिरलं. ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलंच झालं. खतांवर सरकार मोठं अनुदान देतं, तेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण 'भरत नाही' हे म्हणणं खोटं आहे, एवढं मात्र नक्की.

आता एक कडू गोष्ट. १९७२ साली के. एन. राज समितीने मोठ्या शेतजमिनीवर कर बसवावा अशी शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. शेती उत्पन्नावर कर बसवायचा अधिकार घटनेने राज्यांना दिला आहे आणि बहुतेक राज्ये त्याला हात लावीत नाहीत. माझं स्पष्ट मत असं, की शेतीच्या नावाखाली धंद्याचा पैसा लपवणाऱ्यांची बाजू आपण घेऊ नये. त्यांच्यामुळेच दोन एकरवाला बदनाम होतो. खरोखर मोठं निव्वळ उत्पन्न असेल, दुष्काळी वर्षे धरून काढलेल्या सरासरीवर असेल, तर त्यावर कर असायला माझी हरकत नाही. पण एकाच उसावर आधी भाव दाबून, मग कारखान्याकडून, मग दुकानातून असा तीनदा कर नको. काही सभासदांना हे पटणार नाही. त्यांनी याच पानावर उत्तर लिहावं.

माणदेशी माणसाचं गणित

म्हसवडसारख्या गावातून हा विषय लिहायचं कारण सांगतो. कृष्णाकाठच्या बागायतदाराला एखादा हप्ता उशिरा आला तर चालतं. आपल्याकडे चालत नाही. माणगंगेच्या या खोऱ्यात पाऊस कमी, तोही बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांनी पाहिला, २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या चारा छावण्या तरुणांनी पाहिल्या. ऊस कारखान्याला घालायचा की जनावरांना, हा प्रश्न ज्यांच्या दारात उभा राहिला ते आपण. उरमोडीचं पाणी आलं, जिहे-कठापूरचं आलं, तसा माण तालुक्यात ऊस दिसू लागला. पण एकर-दोन एकरांचा हा ऊस सव्वा-दीड वर्ष रानात उभा राहतो आणि तेवढा काळ घर उधारीवर चालतं. सिद्धनाथाच्या रथापर्यंत पहिली उचल मिळाली तर सोसायटी नवी-जुनी होते. अंतिम हप्त्यावर खोडव्याचं खत आणि पोरांची फी अवलंबून असते.

त्यात बाईमाणसाचा वाटा विसरू नका. लागणीपासून पाचट पांगवण्यापर्यंत राबते ती, बिल निघतं सातबाऱ्यावरच्या नावाने. म्हसवडातच १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, कारण हातात येणारा छोटा पैसा वेळेवर येणं आणि स्वतःच्या नावावर असणं याचं मोल इथल्या बायकांना ठाऊक होतं. टनामागे पन्नास रुपये करात गेले, की व्याजात गेले, की वकिलाच्या फीत गेले, हे तिच्या घरखर्चात दिसतं, ताळेबंदात नव्हे.

आपल्या शिवाराजवळ राजेवाडीचा तलाव आहे. इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामातून बांधला. पाणी साठतं आमच्याकडं, भिजतं खालचं रान. उसाच्या पैशाचंही तसंच होऊ नये एवढंच म्हणणं. आणि पाण्याबद्दल एक ओळ पुरे : दर वाढेल म्हणून पाटपाण्यावर ऊस वाढवत नेणं माणला परवडणार नाही. ठिबक असेल तेवढाच ऊस, हा नियम सरकारने सांगायच्या आधी आपणच पाळावा.

सभेत काय विचारायचं?

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. अहवाल घरी येतो, तो पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला जाऊ देऊ नका. पुढील प्रश्न लिहून न्या आणि शांतपणे विचारा.

१. २०१६-१७ पूर्वीच्या कोणकोणत्या वर्षांची ऊसदरावरची करमागणी आपल्यावर होती, आणि प्रत्येक वर्षासाठी १५५ व्या कलमाखाली अर्ज केला काय?

२. कोणत्या वर्षाचा आदेश मिळाला, कोणत्या वर्षाचा राहिला, आणि राहिला असेल तर ३१ मार्च २०२७ च्या मुदतीसाठी कोण पाठपुरावा करीत आहे?

३. प्रत्यक्ष परत मिळणारी रक्कम किती, आणि ती कशाला वापरणार?

४. एफआरपीच्या वर दिलेल्या दराला रीतसर मान्यता घेतली काय?

५. करखटल्यांवर आजवर फी किती गेली?

तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझी सूचना अशी. परत आलेला पैसा हा ज्यांच्या दरावरून वाद झाला त्या ऊसवाल्यांचा आहे. त्यातून आधी थकलेली ऊसबिले आणि ठेवींचे देणे द्यावे, मग महाग व्याजाचं कर्ज फेडावं. नवी इमारत, नवी गाडी, कमान यांवर तो जाऊ नये. संचालक मंडळाने याचा स्वतंत्र ठराव करून सभेपुढे ठेवावा.

कुणी म्हणेल, हे विचारणं म्हणजे चेअरमनवर अविश्वास दाखवणं. तसं मुळीच नाही. प्रश्न विचारणारा सभासद हा चांगल्या संचालकाचा आधार असतो. सरकारपुढे भांडायला गेल्यावर त्याच्या पाठीशी हजारो माणसं माहितीनिशी उभी आहेत हे दिसतं. गाव करी ते राव न करी. कर कायद्यातली ती ओळ बदलायला फार वर्षं लागली, कारण ती ओळ आपली आहे हेच आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं आहे. तेव्हा मुदत टळायच्या आत आपलं आपण मागून घेऊ या.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद, म्हसवड